माउलब्रॉनचा मठ: पाण्यावर बसवलेला, शाळेनं वाचवलेला

मर्सिडीज किंवा बॉशच्या कामासाठी पुण्याहून स्टुटगार्टला गेलेल्या माणसाची शनिवार-रविवारची ठिकाणं ठरलेली असतात. हायडलबर्गचा किल्ला, ब्लॅक फॉरेस्ट आणि लांबचा पल्ला झेपत असेल तर नॉयश्वानस्टाइन. यातलं शेवटचं दिसतं अगदी जुन्या गोष्टीतल्यासारखं, पण ते बांधायला घेतलं १८६९ साली. तोवर मुंबई-ठाणे आगगाडी सुरू होऊन सोळा वर्षं झाली होती. खरंखुरं मध्ययुग बघायचं असेल तर स्टुटगार्टच्या वायव्येला चाळीसेक किलोमीटरवर माउलब्रॉन नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या मठाला आल्प्सच्या उत्तरेकडचा सगळ्यात पूर्ण आणि सगळ्यात चांगला टिकलेला मध्ययुगीन मठ मानतात. १९९३ साली युनेस्कोनं त्याला जागतिक वारसा स्थळांच्या यादीत घेतलं.

यातला ‘पूर्ण’ हा शब्द महत्त्वाचा. युरोपात जुनी चर्चं हजारोंनी सापडतील. पण मठ म्हणजे नुसतं चर्च नव्हे. झोपायचं दालन, जेवणघर, स्वयंपाकघर, पिठाची गिरणी, भट्टी, द्राक्षं पिळायची जागा, धान्याची कोठारं, तबेला, तळी, पाट आणि सगळ्याला वळसा घालणारी तटबंदी असं ते एक पूर्ण गावच असतं. बहुतेक ठिकाणी चर्च उरलं आणि बाकीचं गेलं, किंवा चर्चही गेलं. माउलब्रॉनला जवळजवळ सगळं जागेवर आहे. त्यामुळं आठशे वर्षांपूर्वीची माणसं तिथं दिवस कसा काढत होती, हे नुसतं फिरून कळतं.

हे भिक्षू होते सिस्टर्शियन पंथाचे. ख्रिस्ती मठजीवनाची नियमावली सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी घालून दिली होती: ठरलेल्या वेळी प्रार्थना, ठरलेल्या वेळी काम, खाजगी मालमत्ता नाही, मठाधिपतीचा शब्द अखेरचा. पाचशे वर्षांत ही घडी बरीच विस्कटली. मठ श्रीमंत झाले, प्रार्थना लांबत गेल्या आणि हातानं काम करणं मागं पडलं. १०९८ साली रॉबेर नावाचे एक मठाधिपती थोड्या भिक्षूंना घेऊन फ्रान्समधल्या सितो इथल्या दलदलीत जाऊन राहिले. मूळ नियम, जसा लिहिलाय तसा पाळायचा, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. पुढं क्लेरव्होचे बर्नार्ड या पंथात आले आणि त्यांच्या वाणीमुळं तो युरोपभर पसरला.

या लोकांचा एक हट्ट होता, आणि माउलब्रॉनची प्रत्येक भिंत त्या हट्टाशी बांधलेली आहे. त्यांना चर्चवर उंच मनोरे नको होते, छपरावर लहानशी घंटेची घुमटी पुरे. काचांवर रंगीत चित्रं नकोत, खांबांवर राक्षस आणि माकडं नकोत, कारण भिक्षूचं लक्ष ग्रंथावरून उडून दगडावर जातं. फ्रान्समधल्या क्लूनी या श्रीमंत मठाच्या आणि त्याच्या शाखांच्या नक्षीकामावर बर्नार्ड यांनी याच मुद्द्यावरून कडक टीका केली होती. शिवाय मठ गावापासून दूर, रानात हवा आणि तो आपल्या कष्टावर चालला पाहिजे.

रानात राहून आपल्या कष्टावर जगायचं, तर पहिली गरज पाण्याची. माउलब्रॉनची गोष्ट सुरू होते ती पाण्यापायीच, आणि तीही आधी फसून. वाल्टर फॉन लोमर्सहाइम नावाच्या एका सरदारानं ११३८ साली एकेनवायहर इथली आपली जमीन पंथाला दान दिली. अल्सासमधल्या नॉयबुर्ग मठातून डिटर नावाचे मठाधिपती आणि त्यांच्यासोबत बारा भिक्षू आले. बारा आणि एक हा आकडा ठरलेला. येशू आणि त्याचे शिष्य. पण जागा धड नव्हती. पाणी अपुरं पडायला लागलं. शेवटी श्पायरचे बिशप ग्युंटर यांनी आपल्या ताब्यातलं एक रानातलं खोरं दिलं आणि ११४७ साली मंडळी तिथं हलली. लोककथा म्हणते की पैशांची थैली लादलेलं एक खेचर मोकळं सोडलं होतं, ते जिथं पाणी प्यायला थांबलं तिथं मठ बांधला. हे चित्र मठातल्या कारंज्याच्या दालनात छतावर रंगवलेलंही आहे. खेचरानं जागा निवडली असो वा बिशपनी, निवड मात्र पाण्याच्या हिशेबानंच झाली.

पुढच्याच वर्षी पोप तिसरे यूजीन यांचं संरक्षण मिळालं, ११५६ साली सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाचं. ११७८ साली चर्चचा अभिषेक झाला. तीस वर्षांत रानाचा मठ झाला, आणि तोवर माउलब्रॉनमधून माणसं निघून ब्रॉनबाख आणि शॉन्टाल इथं नवे मठ उभे राहिले होते.

पाटाचं पाणी

पर्यटक थेट चर्चकडं जातात. माझा सल्ला उलटा आहे: आधी मठाच्या मागच्या टेकडीवरचं तळं बघा. मठात काय चाललं होतं ते चर्चपेक्षा या पाण्यावरून लवकर समजतं.

खोरं ओलसर आणि दलदलीचं होतं. भिक्षूंनी आधी त्यातलं पाणी चर काढून बाहेर नेलं आणि जमीन कोरडी केली. मग ओढ्यावर मातीचे बांध घालून एकाखाली एक अशी तळी केली. आजूबाजूच्या उतारांवरून, डोंगराच्या उंचीच्या रेषेला धरून लांबच लांब पाट काढले, म्हणजे पावसाचं पाणी वाहून न जाता हळूहळू तळ्यांत येईल. सगळी मिळून वीसेक तळी आणि तलाव होते. वरचं भरलं की खालच्यात, खालचं भरलं की त्याच्या खालच्यात. हवं तेव्हा दार उघडायचं आणि पाणी सोडायचं.

एकच पाणी किती कामं करत होतं बघा. तळ्यांत मासे वाढत. नियमाप्रमाणं चार पायांच्या जनावरांचं मांस भिक्षूंना वर्ज्य, त्यामुळं मासा हेच त्यांचं सणासुदीचं खाणं. वरच्या तळ्यातून सुटलेलं पाणी गिरणीचं चाक फिरवी, पुढं कुरणांना जाई, मठाखालून जाताना शौचकूपांतली घाण वाहून नेई. प्यायचं पाणी वेगळं, झऱ्याचं. जुन्या पाटांचे आणि बांधांचे भाग आजही रानात ओळखू येतात, आणि युनेस्कोनं माउलब्रॉनची निवड करताना इमारतींइतकीच या पाणीव्यवस्थेची दखल घेतली आहे.

याच पाण्यानं मठाचा नकाशाही बहुधा उलटा केला. सिस्टर्शियन मठांत चर्चच्या दक्षिणेला राहण्याच्या इमारती असतात, कारण थंड मुलखात ऊन दक्षिणेकडून येतं आणि उंच चर्चची सावली टळते. माउलब्रॉनला त्या उत्तरेला आहेत, चर्चच्या सावलीत. असं का, तर सगळ्यात पटणारं उत्तर एकच: पाणी त्या बाजूनं वाहत होतं, आणि स्वयंपाकघर, हात धुण्याची जागा, संडास यांना पाणी लागतंच. थंडी सोसता येते, घाण नाही.

चौक आणि त्याच्या चार बाजू

चर्चच्या उत्तर भिंतीला लागून एक मोकळा चौक आहे आणि त्याच्या चारही बाजूंनी छप्पर असलेली, कमानींची वाट. याला क्लॉइस्टर म्हणतात. आपल्याकडच्या जुन्या वाड्याचा चौक आणि त्याभोवतीचे सोपे डोळ्यापुढं आणले की याची रचना लगेच कळते. बाहेरच्या जगाकडं पाठ, सगळ्या खोल्यांची तोंडं आत. भिक्षूंचं आयुष्य या चौकाभोवती फिरे. इथंच ते वाचत, चिंतन करत, रांगेनं चालत.

दिवस सुरू होई मध्यरात्रीनंतर, दोनच्या सुमारास. पूर्वेकडच्या इमारतीत वरच्या मजल्यावर सगळ्यांचं एकत्र झोपायचं दालन असे. स्वतंत्र खोल्या नव्हत्या. कपडे अंगावर ठेवूनच झोपायचं, म्हणजे घंटा झाली की उठून थेट चर्चमध्ये. रात्रीची एक आणि दिवसातल्या सात अशा प्रार्थना होत. त्याखालच्या मजल्यावर सभेचं दालन. तिथं रोज सकाळी नियमावलीतलं एक प्रकरण वाचलं जाई, कामं वाटली जात, आणि कोणाची काही चूक झाली असेल तर ती सगळ्यांसमोर कबूल करायची. शेजारी बोलण्याची खोली. हो, बोलण्यासाठी वेगळी खोली, कारण एरवी मौन. गरजेपुरतं हाताच्या खुणांनी भागवायचं, आणि त्या खुणांची चांगली विकसित भाषाच या मठांत होती.

उत्तरेकडच्या बाजूला ऊबघर आहे. जर्मनीतला हिवाळा, दगडी भिंती, आणि भिक्षूंना शेकोटी फक्त इथं. खाली एका कमानीदार कोठडीत लाकडं पेटवायची. वरच्या खोलीच्या फरशीला भोकं आहेत. त्यांतून खालची ऊब वर यायची. खोलीत आग नाही, धूर नाही, नुसती ऊब. थंडीनं बोटं आखडलेले भिक्षू इथं येऊन थोडा वेळ उभे राहत. जोड्यांना चरबी लावणं, दुखणाईतांचं रक्त काढणं अशी कामंही सिस्टर्शियन मठांत ऊबघरातच होत.

त्याच्या शेजारी भिक्षूंचं भोजनगृह, आणि त्याच्या दारासमोर, चौकात पुढं आलेलं कारंज्याचं दालन. जेवणाआधी हात धुवायचे ते इथं. माउलब्रॉनच्या बहुतेक फोटोंत हेच दालन असतं: चौदाव्या शतकातल्या टोकदार कमानी, वर लाकडी चौकटीचा मजला, मध्ये एकावर एक तीन कुंड्यांचं कारंजं. त्यातली खालची मोठी कुंडीच जुनी. वरच्या दोन १८७८ साली बसवल्या. फोटोत हे कळत नाही, म्हणून सांगितलं.

भोजनगृह मात्र अस्सल आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या मठात सर्वांत जास्त वेळ इथं घालवावा. साधारण १२२० ते १२३० च्या दरम्यानचं काम. मोठं, उंच, उजेडाचं दालन, मधोमध सात खांबांची रांग. ओळीनं बघत गेलं की लक्षात येतं, एक खांब जाड, पुढचा बारीक, पुन्हा जाड, पुन्हा बारीक. ही हौस नाही. वरचं दगडी छत बरगड्यांवर तोललेलं आहे. प्रत्येक मोठ्या चौकोनाला कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत दोन तिरक्या बरगड्या, आणि मधून आडवी आणखी एक. तिरक्या बरगड्या ज्या खांबांवर उतरतात त्यांच्यावर भार जास्त, म्हणून ते जाड. ज्यांच्यावर फक्त मधली उतरते ते बारीक असून चालतात. छताचा भार कुठून कुठं जातो हे खांबांकडं बघून वाचता येतं. जेवताना बोलायचं नाही. एकजण उंचावर उभा राहून धर्मग्रंथ वाची आणि बाकीचे ऐकत जेवत. बिनमांसाचं जेवण करणाऱ्या, दारिद्र्याची शपथ घेतलेल्या लोकांसाठी हे दालन जरा जास्तच राजेशाही आहे, असं मनात आल्याशिवाय राहत नाही.

दोन प्रकारची माणसं

आता पश्चिमेकडची बाजू. इथंही एक भोजनगृह आहे. बुटकं, जोडखांबांवर उभं, कमी उजेडाचं. मग दोन भोजनगृहं कशाला?

कारण मठात दोन वर्ग होते. आपल्या कष्टावर जगायचं असा पंथाचा आग्रह, पण दिवसात सात आणि रात्री एक प्रार्थना करून शेती कधी करणार? यावर त्यांनी तोडगा काढला तो कामकरी बंधूंचा. ही बहुतेक शेतकरी घरांतली, अक्षरओळख नसलेली माणसं. तेही शपथ घेत, ब्रह्मचर्य पाळत, मठातच राहत. पण त्यांच्या प्रार्थना थोड्या आणि पाठ केलेल्या, आणि दिवस शेतात, गिरणीत, द्राक्षमळ्यात, दगडांच्या खाणीत जाई. भिक्षूंचा झगा पांढरा, यांचा तपकिरी. भिक्षू दाढी करत, यांना दाढी. आणि कामकरी बंधूला बढती मिळून भिक्षू होता येत नसे.

ही फाळणी इमारतीत उतरलेली आहे. दोघांची झोपायची दालनं वेगळी, भोजनगृहं वेगळी. मधलं स्वयंपाकघर मात्र एक, दोन्ही बाजूंना वाढता येईल असं. चर्चमध्ये जाल तर मध्येच एक दगडी भिंत आडवी येते. भिंतीच्या पूर्वेला, वेदीच्या बाजूला भिक्षू. पश्चिमेला कामकरी बंधू. एकाच छताखाली, एकाच देवापुढं, पण एकमेकांना न दिसता. या भिंतीसमोर, कामकरी बंधूंच्या बाजूला, १४७३ सालचा मोठा क्रूस आहे. तो दगडाचा आहे, पण कोरणाऱ्यानं त्याला लाकडाच्या रेषा दिल्या आहेत. जवळ जाऊन बघितल्याशिवाय दगड वाटत नाही. पलीकडं भिक्षूंच्या बाजूला साधारण १४५० ची लाकडी आसनं आहेत, एकूण ९२. त्यांवरच्या कोरीवकामात बायबलमधला द्राक्षं लावणारा आणि दारू पिऊन पडलेला नोआही आहे. स्वतःचे द्राक्षमळे असलेल्या मठात ही निवड मला फार आवडते.

मठाच्या संपत्तीचा पाया हे कामकरी बंधूच होते. दूरदूरच्या शेतवस्त्या तेच चालवत. चौदाव्या शतकापर्यंत मात्र त्यांची संख्या घटत गेली. जमिनी खंडानं द्यायची पद्धत आली, मठ स्वतः कष्ट करणारा न राहता जमीनदार झाला. आवारातली प्रचंड धान्याची कोठारं आणि द्राक्षं पिळण्याची इमारत बघताना हे आठवावं. त्यांत साठलेलं बरंचसं कुळांनी घातलेलं होतं.

ज्याचं नाव माहीत नाही तो गवंडी

वास्तुशास्त्राच्या विद्यार्थ्यांना माउलब्रॉन माहीत असतं ते एका ओसरीमुळं. चर्चच्या पश्चिमेला, मुख्य दारापुढं असलेल्या या ओसरीला ‘पॅराडाइज’ म्हणतात. बांधकाम १२१० ते १२२० च्या आसपासचं. करणाऱ्याचं नाव कुठं नोंदलेलं नाही, म्हणून इतिहासकार त्याला ‘पॅराडाइजचा उस्ताद’ एवढंच म्हणतात. चौकाची दक्षिण बाजू आणि भिक्षूंचं भोजनगृहही त्याच्याच हातचं किंवा त्याच्या माणसांचं मानलं जातं.

त्याचं महत्त्व कळायला थोडं मागं जावं लागेल. मूळ चर्च रोमानेस्क पद्धतीचं आहे: जाड भिंती, लहान खिडक्या, अर्धवर्तुळाकार कमानी, वर सपाट लाकडी छत. लाकडी छत भिंतीवर नुसतं टेकतं, त्याचं वजन सरळ खाली जातं. दगडी कमानदार छत तसं नसतं. ते खाली दाबतंच, शिवाय भिंतींना बाहेर ढकलतं. म्हणून पूर्वी दगडी छत म्हणजे आणखी जाड भिंत. बाराव्या शतकात फ्रान्समध्ये गवंड्यांनी युक्ती काढली: आधी दगडी बरगड्यांचा सांगाडा उभारायचा, मधल्या जागा हलक्या दगडानं भरायच्या, आणि सगळा भार बरगड्यांमधून ठरावीक खांबांवर आणायचा. तिथं बाहेरून टेकू दिला की झालं. मग बाकीची भिंत पातळ करा, खिडकी मोठी करा. हीच गॉथिक पद्धत.

यात एक भूमितीची अडचण येते. चौकोनी खोलीला चार बाजूंवर अर्धवर्तुळाकार कमानी घातल्या आणि दोन तिरक्या बरगड्याही अर्धवर्तुळाकारच ठेवल्या, तर तिरक्या जास्त उंच जातात, कारण कर्ण बाजूपेक्षा लांब असतो. सगळ्यांचे माथे एका उंचीवर आणायचे कसे? फ्रेंचांनी टोकदार कमान वापरली. टोकदार कमान हवी तेवढी उंच किंवा बसकी करता येते. माउलब्रॉनच्या उस्तादाला ही नवी पद्धत माहीत होती, पण पॅराडाइजमध्ये त्यानं अर्धवर्तुळ सोडलं नाही. त्यानं वेगळंच केलं. माथे एका रेषेत ठेवले आणि कमानी वेगवेगळ्या उंचीवरून सुरू केल्या: लांब पल्ल्याची खालून, आखूड पल्ल्याची वरून. म्हणून तिथल्या खांबांच्या जुडग्यांत एक दांडा इथं संपतो, शेजारचा हातभर वर संपतो. पहिल्यांदा बघताना वाटतं की मोजमाप चुकलंय. थोडं उभं राहून प्रत्येक दांड्यावरून निघणारी कमान डोळ्यांनी वरपर्यंत नेली, की सगळ्या एका उंचीला जाऊन भेटतात.

आडवळणाचा मार्ग होता, टोकदार कमानीनं ते काम सोपं झालं असतं हे खरं. पण जर्मनीत गॉथिक पद्धत रुजायच्या काळात, जुनं आणि नवं एकाच हातात असलेल्या माणसानं केलेला हा प्रयोग आहे, आणि असं दुसऱ्या कुठं इतकं उघडं बघायला मिळत नाही. पुढं मध्य आणि उत्तर युरोपात गॉथिक पसरली त्यात माउलब्रॉनचा मोठा वाटा मानतात. दगड मात्र इथलाच, जवळच्या खाणीतला वालुकाश्म. पिवळसर, तपकिरी, कुठं लालसर झाक मारणारा.

पंधराव्या शतकात, १४२४ साली, चर्चचं सपाट लाकडी छत काढून तिथं जाळीदार बरगड्यांचं दगडी छत घातलं गेलं. सुंदर आहे, पण मला ते उपरं वाटतं. खालच्या ठोकळेबाज, गप्प भिंतींवर एवढी नाजूक जाळी शोभत नाही. साधेपणाचा हट्ट तोवर सैल झाला होता, हे मात्र त्यावरून दिसतं.

टिकला कसा

१५०४ साली वारसाहक्काच्या एका युद्धात व्युर्टेम्बर्गचा ड्यूक उलरिख यानं मठ जिंकला. १५२५ च्या शेतकरी उठावात शेतकरी मठात शिरले. याच सुमाराची, जादूगार आणि किमयागार म्हणून गाजलेल्या डॉक्टर फाउस्टची दंतकथा आहे. फाउस्ट शेजारच्या क्निटलिंगेन गावचा म्हणतात. कर्जात बुडालेल्या मठाधिपतीनं त्याला सोनं करायला बोलावलं आणि तो इथं एका बुरुजात राहिला. बुरूज आहे, ‘फाउस्टचा बुरूज’ म्हणून दाखवतातही. सोनं अर्थातच नाही.

मग आली धर्मसुधारणा. ड्यूक उलरिखनं १५३४ नंतर आपल्या राज्यात प्रोटेस्टंट मत आणलं आणि कॅथलिक मठ मोडीत काढले. मठांच्या दृष्टीनं हा क्षण जीवघेणा असतो. त्याच काळात इंग्लंडमध्ये आठव्या हेन्रीनं मठ बंद केले. यॉर्कशरमधला फाउंटन्स मठ १५३९ साली बंद झाला, छपरावरचं शिसं काढून विकलं, आणि छप्पर गेल्यावर उरलं ते भग्नावशेष. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर क्लूनीचं अवाढव्य चर्च दगडाची खाण समजून फोडून विकलं गेलं. बर्नार्ड यांच्या क्लेरव्होचा तर तुरुंग झाला.

माउलब्रॉनला वाचवलं ते उलरिखचा मुलगा ड्यूक क्रिस्टॉफ यानं. नव्या पंथाला शिकलेले धर्मोपदेशक हवे होते, आणि हाताशी होत्या रिकाम्या, भक्कम, सोयीच्या इमारती. १५५६ साली त्यानं मठांतून शाळा सुरू केल्या, त्यात माउलब्रॉन एक. हुशार मुलं परीक्षा घेऊन निवडायची, राज्याच्या खर्चानं शिकवायची, पुढं ट्युबिंगेनच्या विद्यापीठात धाडायची. मुलांना झोपायला मोठं दालन हवं, जेवायला मोठं दालन हवं, प्रार्थनेला चर्च हवं, शिस्तीला भिंत हवी. हे सगळं तयारच होतं. छप्पर गळलं तर दुरुस्त करावं लागे, कारण खाली मुलं होती. तीस वर्षांच्या युद्धात कॅथलिक भिक्षू मध्ये काही वर्षं परत आले. १६४८ च्या तहानंतर ते कायमचे गेले आणि शाळा पुन्हा भरली. बाहेरच्या आवारातल्या इमारती राज्याच्या कारभाराला आल्या. त्यामुळं कोणतीच वास्तू फार काळ ओस पडली नाही. मठ मोडणाऱ्या घराण्यानंच तो जपला, आणि तोही वारसा म्हणून नव्हे तर उपयोगाची जागा म्हणून.

या शाळेत १५८६ साली एक चौदा वर्षांचा, सारखा आजारी पडणारा मुलगा आला: योहान्नेस केप्लर. ग्रहांच्या कक्षा लंबवर्तुळाकार असतात हे पुढं यानंच दाखवलं. घरची परिस्थिती बेताची. राज्याच्या खर्चाची शाळा नसती तर त्याचं शिक्षण अवघडच होतं. दोनशे वर्षांनी कवी होल्डरलिन इथं शिकला. आणि १८९१ साली आला हेर्मान हेसे. त्याला ही शिस्त मानवली नाही. मार्च १८९२ मध्ये तो पळून गेला, दुसऱ्या दिवशी सापडला, आणि काही आठवड्यांतच शाळा कायमची सुटली. त्या दिवसांचा राग त्यानं पुढं एका कादंबरीत काढला. १९४६ साली त्याला नोबेल मिळालं.

हेसेच्या घरातून एक धागा आपल्याकडं येतो. त्याच्या आईचा जन्म केरळातल्या तलश्शेरीचा. आईचे वडील हेर्मान गुंडर्ट हेही माउलब्रॉनच्याच शाळेत शिकलेले. ते १८३६ साली भारतात आले, बाझल मिशन या स्वित्झर्लंडमधल्या ख्रिस्ती धर्मप्रसारक संस्थेचं काम केलं, आणि त्यांचा मल्याळम शब्दकोश १८७२ साली छापला गेला. केरळात त्यांचं नाव आजही आदरानं घेतात. हीच ती बाझल मिशन, जिनं १८६५ साली मंगळुरात कौलांचा कारखाना काढला. कोकणातल्या कितीतरी घरांवर चढलेल्या मंगळुरी कौलांची सुरुवात तिथली.

जायचं असेल तर स्टुटगार्ट-कार्ल्सरूह मार्गावरच्या म्युलाकरपर्यंत आगगाडी आणि पुढं बस हे सोयीचं. जुन्या तबेल्यात आता नगरपालिकेचं कार्यालय आहे. टेकडीवरचं ‘खोल तळं’ उन्हाळ्यात पोहायला खुलं असतं. जेवायला माउलटाशे मागवा: कणकेच्या जाड पापुद्र्यात भरलेलं सारण. उपवासाच्या दिवसांत देवाला दिसू नये म्हणून माउलब्रॉनच्या भिक्षूंनी मांस त्यात लपवलं, असं इथले लोक हसत हसत सांगतात. आतल्या काही भागांत मात्र प्रवेश मिळणार नाही. १५५६ ची शाळा आजही निवासी शाळा म्हणून तिथंच चालू आहे, आणि मुलं त्या खोल्यांत राहतात.